क्रँकची पुली: कंपनीची की हलकी अ‍ॅल्युमिनियमची?

क्रँक पुली म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) टोकाला बसवलेलं चाक, त्यावरच्या पट्ट्यानं अल्टरनेटर, एसी वगैरे फिरतात. जुन्या पेट्रोल सेडानची ही पुली बदलायची वेळ आली की गॅरेजवाला कंपनीचीच मागवा म्हणतो आणि मित्रमंडळी बाजारातली हलकी अ‍ॅल्युमिनियमची सुचवतात. मी एकाच गाडीवर दोन्ही चालवून बघितल्यात. वजन, रंग, किंमत तुम्हाला दुकानात कळेलच.

पिकअपचं आधी सांगून टाकतो, कारण बहुतेक जण त्यासाठीच पैसे घालतात. फरक पडतो, नाही असं नाही. गाडीत एकटेच असाल तर इंजिन चटकन वर चढतं आणि पाय काढला की तितक्याच चटकन खाली येतं. पण चार माणसं आणि सामान घेऊन चोर्ल्याचा घाट चढताना तो फरक मला तरी शोधावा लागला. शिवाय बाजारातल्या बऱ्याच हलक्या पुल्या व्यासानंही लहान असतात. मग अल्टरनेटर (वीज तयार करणारा), एसीचा कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप, सगळेच हळू फिरतात. हायवेवर हे जाणवत नाही. फेब्रुवारी-मार्चात निपाणी-चिकोडी रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागलात की एसी कोमट होतो. आंबोलीच्या पावसात दिवे, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दिवे मंदावतात.

एवढं मी चालवून घेतलं असतं. निकाल लावला तो पुलीला क्रँकवर धरून ठेवणाऱ्या बोल्टनं.

हलकी पुली बसवल्यावर थोड्याच दिवसांत आयडलला बारीक टकटक सुरू झाली. एसी लावला की वाढायची, रेस केली की दबायची. एका मेकॅनिकनं बिग एंडचं (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) बेअरिंग गेलं असं ठरवून इंजिन खोलायची भाषा सुरू केली. नशिबानं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला काम करणारा एक ओळखीचा होता. त्यानं पुलीच्या कडेला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावून इंजिन हातानं फिरवलं, तर काटा चांगलाच हलला, म्हणजे पुली डगमगत होती. मग बोल्टला पाना लावला, तर तो विशेष जोर न लावताच फिरला. बेअरिंगला काही झालेलं नव्हतं.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. क्रँकवर पुलीसाठी चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) असते, पण बहुतेक इंजिनांत ती फक्त जागा दाखवायला. पुलीवर येणारा पीळ तोलतो तो बोल्टचा दाब आणि त्यामुळं दोन फेसमध्ये होणारं घर्षण. बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा पुलीला क्रँकवर दाबून धरतो. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन तापलं की बोल्टच्या डोक्याखालचा भाग आणखी दाबला जातो आणि मऊ धातू थोडा बसतो. गार झाल्यावर तेवढा ताण कमी होतो. फेसवर अ‍ॅनोडायझिंगचा (अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेल्या कडक लेपाचा) किंवा रंगाचा थर असेल तर तोही झिजून बसतो. एकदा दाब गेला की सगळा मार चावीवर येतो आणि चावीची खाच रुंदावते. वेळेत लक्षात आलं नाही तर क्रँकचं टोकच खराब होतं. बऱ्याच इंजिनांत याच बोल्टखाली टायमिंगचं (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारं) चाकही असतं. फोर्डच्या ड्युराटेक चार-सिलिंडर इंजिनात तर तिथं चावीच नाही, सगळी भिस्त बोल्टवर.

आमच्या बोल्टला नवीन वायसर घालून, टॉर्क पान्यानं मापात आवळून बघितलं. काही काळ ठीक चाललं, मग पुन्हा तीच टकटक. गोव्याला जायचं म्हटलं की आधी जॅक लावा, पुढचं चाक काढा, आतलं प्लास्टिक सोडवा, क्रँक धरून ठेवा आणि बोल्ट तपासा. मला कंटाळा आला तो ह्याचाच.

हलक्या पुलीची बाजूही सांगायला हवी. हबमध्ये (मधल्या भागात) पोलादी बुश म्हणजे नळी असलेली, फेस साफ मशीन केलेली, बोअर (मधलं भोक) नेमका असलेली पुली कदाचित नीट टिकत असेल. आणि कंपनीच्या बनावटीत हा दोष कधी आलाच नाही असंही नाही. माझ्दा एमएक्स-५ च्या १९९० ते ९१ च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं टोक आखूड होतं, त्यात बोल्ट ढिला पडून खाच खाल्ल्याचं प्रकरण बरंच गाजलं.

कंपनीच्या पुलीत हब आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळतो, त्याची थरथर ते खातं. काही छोट्या इंजिनांना कंपनीच बिनरबरी पुली देते, तिथं हा मुद्दा सोडा. डिझेल किंवा सहा सिलिंडर असेल तर मात्र रबर काढायचा विचारही मी करणार नाही. जुनं झालं की हे रबर तडकतं, ऑइल गळत असेल तर लवकरच.

उद्यमबागेतून पोलादी पुली टर्न करून घेण्याचा पर्याय आपल्या भागात असतोच. काम सुबक होतं, पण रबराचं कोण बघणार?

माझ्या गाडीला आता कंपनीची पुली आहे आणि टकटक बंद आहे. दुसऱ्याच्या गाडीचं वेगळं असू शकतं. तुम्ही कुठलीही घ्या, पण बोल्ट नवा घ्या. मॅन्युअलमध्ये ठरावीक टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलं असेल तर नक्कीच, कारण तसा बोल्ट बहुधा एकदाच वापरायचा असतो. एअर गननं आवळू देऊ नका. होंडाच्या जुन्या बी-मालिकेला १७७ न्यूटन-मीटर लागतात, असा आकडा हाताच्या अंदाजानं येत नाही. मॅन्युअलमध्ये आट्यांना ऑइल लावा असं लिहिलेलं असेल तर तिथं स्वतःच्या मनानं लॉकटाईट (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावू नका, टॉर्कचं गणित बदलतं. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून हबवर आणि तिथून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. बोल्टपाशी रेघ तुटलेली दिसली तर तो सुटतोय, कडीपाशी तुटली तर रबर सरकलंय.