डीएएडीचा अभ्यासक्रम-शोध: काही महिन्यांच्या वापरानंतर

धुळ्याला कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना जर्मनीत एम.एस्सी. करायचं ठरवलं. गेल्या पावसाळ्यापासून डीएएडीच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना माहिती आणि शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेच्या, संकेतस्थळावरचा 'इंटरनॅशनल प्रोग्राम्स' हा शोध वापरतेय. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, आणि मागे कुणाचा फोन लागत नाही. हे शेवटचं फार मोलाचं. जळगावच्या एका सल्लागाराकडे नुसता नंबर दिला, तर फोन थांबेनात. यादी दाखवली ती सगळी भरमसाट फीच्या खासगी कॉलेजांची. सरकारी विद्यापीठाचं नाव काढलं की, "तिथं अवघड आहे ताई."

इथं विषय, माध्यम, फी निवडली की अभ्यासक्रम समोर येतात. प्रत्येकाच्या पानावर खर्च आणि पात्रता वेगवेगळ्या कप्प्यांत मांडलेली. ग्योटिंगेन आणि कासेल विद्यापीठांचा शाश्वत शेतीवरचा इंग्रजी अभ्यासक्रम मला इथंच सापडला.

फीच्या गाळणीबद्दल मात्र सांगायलाच हवं. 'फी नाही' निवडलं की श्टुटगार्टचं होहेनहाइम विद्यापीठ यादीतून जातं, कारण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो भरावे लागतात. शेतीसाठी इतकं नावाजलेलं विद्यापीठ तेवढ्यासाठी डोळ्याआड होऊ नये. म्हणून गाळणी थोडी सैल ठेवा. आमच्या आप्पांनी रावेरला ओट्यावर बसून ते पान स्वतः वर-खाली करून पाहिलं. 1500 सेमिस्टरला की वर्षाला, हे दोनदा विचारलं आणि मग केळीच्या बिलांमागे आकडेमोड केली. मराठीत एक अक्षर नसलं तरी आकडे घरच्यांना थेट दाखवता येतात, याचं मला फार समाधान आहे.

उणीव आहे ती गुणांच्या बाबतीत. बऱ्याच पानांवर पात्रतेखाली 'आमच्या संकेतस्थळावर पाहा' एवढंच असतं. तिथं गेलं की '2.5 किंवा त्याहून चांगली श्रेणी' लिहिलेलं. जर्मनीत 1 सर्वोत्तम, म्हणून आपली श्रेणी बदलून घ्यावी लागते: दहापैकी 8, उत्तीर्णची किमान 5 धरली, तर 1 + 3 × (10 − 8) ÷ (10 − 5), म्हणजे 2.2. हे गणित आधी करा, मगच अर्जाचे पैसे भरा. 'युनी-असिस्ट' म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून विद्यापीठांकडे पाठवणारी सेवा; तिच्यामार्फत पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30 युरो लागतात.

शेवटची तारीखही विद्यापीठाच्याच पानावरून घ्या.

एपीएस प्रमाणपत्राचंही, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याचंही, वेळेत बघा. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून ते सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचं खातं, ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, तेही अभ्यासक्रमाच्या पानावरच्या खर्चात धरून चालू नका. शिष्यवृत्तीचा शोध वेगळा आहे. विकसनशील देशांसाठीच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, त्यामुळे ताज्या पदवीधरांनी तिच्या भरवशावर बेत आखू नये.

आपल्या भागातल्या कृषी पदवीधरांसाठी एक: शोधात नुसतं 'ॲग्रिकल्चर' न टाकता 'ट्रॉपिक्स' टाकून पाहा. होहेनहाइम आणि बॉनचे उष्ण कटिबंधातल्या शेतीवरचे अभ्यासक्रम लगेच वर येतात, आणि आपली केळी, कापूस त्यातच बसतात.