दोन दिवसांत शिंका थांबवणारी पुडी

सकाळी उठल्याउठल्या वीस-पंचवीस शिंका, नाकातून पाण्याची धार, चोळून चोळून लाल झालेले डोळे, टाळूला आतून खाज. या त्रासाला आपल्याकडे 'हे फीव्हर' फारसं कुणी म्हणत नाही. कुणी 'अ‍ॅलर्जीची सर्दी' म्हणतं, कुणी सरळ 'मला सायनस आहे' म्हणून मोकळं होतं. पाऊस ओसरू लागला की गवतं फुलोऱ्यावर येतात, रस्त्याकडेला गाजरगवत माजतं, आणि पावसाळी ओलीवर गाद्या-उशांत वाढलेले धूळकिडे घरात असतातच. रात्ररात्र नाक चोंदून झोप न झालेला माणूस कुणाचंही ऐकायला तयार होतो. 'अ‍ॅलर्जी मुळासकट बरी' असं सांगून पुड्या विकणाऱ्यांचा धंदा नेमका याच दिवसांत तेजीत येतो.

पुडी कशी असते ते आधी पाहा. बटर पेपरची किंवा वहीच्या कागदाची घडी, किंवा लेबल नसलेली प्लास्टिकची डबी. आत मळकट तपकिरी चूर्ण, वास सुंठ-ज्येष्ठमधाचा. बोटावर घेऊन उजेडात धरलं तर काही वेळा त्यात पांढरे बारीक कण दिसतात. दिसले नाहीत म्हणजे पुडी चांगली असं मात्र समजू नका, कारण नीट खललेल्या पुडीत काहीच दिसत नाही. दिवसातून तीन वेळा मधातून घ्यायची, तीन महिन्यांचा कोर्स, पैसे आगाऊ. विक्री कधी तालुक्याच्या गावी लॉजवर भरणाऱ्या 'शिबिरा'त होते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरून कुरिअरने. कागदावर औषधाचं नाव नाही, पावती नाही, आणि आत काय आहे असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट शून्य.'

दोन दिवसांत शिंका थांबतात आणि माणूस इथेच फसतो. कोणतंही साधं चूर्ण इतक्या दिवसांची सूज दोन दिवसांत उतरवत नाही. ते काम स्टिरॉइड करतं. अशा 'हर्बल' पुड्यांच्या तपासणीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं पुन्हा पुन्हा निघाली आहेत. डेक्सामेथासोनच्या ०.५ मिलीग्रॅमच्या गोळीची किंमत रुपयाच्याही आत असते. प्रत्येक पुडीत अशी एकच गोळी कुटून घातली तरी तीन पुड्यांतून दिवसाला दीड मिलीग्रॅम पोटात जातं. म्हणजे प्रेडनिसोलोनचे साधारण १० मिलीग्रॅम, शरीर रोज स्वतः जेवढं स्टिरॉइड बनवतं त्याच्या जवळपास दुप्पट. मापून घातलेलं नसल्याने एका पुडीत कमी, दुसरीत जास्त, हे वेगळंच.

फसवणूक टिकून राहावी यासाठी तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, 'इंग्रजी औषधं पूर्ण बंद करा.' दम्याचा पंप वापरणाऱ्याने हे ऐकलं तर एखाद्या रात्री थेट ऑक्सिजन लावायची वेळ येऊ शकते. दुसरी पथ्याची: दही, केळं, आंबट, भात, थंड पाणी सगळं बंद. पथ्य इतकं कडक की कधीतरी मोडणारच, आणि त्रास उलटला की दोष पेशंटवर. तिसरी सगळ्यात घातक. पुड्या संपल्यावर शिंका दुपटीने सुरू झाल्या, अंग गळून गेलं, की सांगायचं, 'आजार बाहेर पडतोय, आणखी एक महिना घ्या.' कॅलेंडरही विकणाऱ्याच्या बाजूने असतं. सप्टेंबरात सुरू केलेला कोर्स डिसेंबरात संपतो, तेव्हा गवताचे परागकण आपोआप कमी झालेले असतात. श्रेय पुडीला मिळतं आणि तोच पेशंट पुढच्या वर्षी दोन नातेवाईकांना सोबत घेऊन येतो.

अंगावर दिसणारी लक्षणं घरच्यांनी ओळखायला हवीत, कारण सुरुवातीला ती तब्येत सुधारल्यासारखी वाटतात. भूक वाढते, वजन वाढतं, गाल भरतात, चेहरा गोल होतो. मग झोप उडते, चेहऱ्यावर-पाठीवर पुटकुळ्या येतात, जरा आपटलं की काळंनिळं होतं, पोटावर आणि मांड्यांवर जांभळट पट्टे उमटतात. बीपी चढतं. मधुमेह असलेल्याची साखर काही दिवसांत तीनशेच्या पुढे जाऊ शकते आणि गोळ्या-इन्शुलिन वाढवूनही कारण सापडत नाही. महिनोन्‌महिने चाललं तर हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो.

हे वाचून कुणी आजच पुड्या फेकून देणार असेल तर थांबा. तीन आठवड्यांहून जास्त काळ अशी पूड घेतलेली असेल तर ती एकदम बंद करणं घेत राहण्याहून धोक्याचं ठरू शकतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम जवळजवळ थांबवतात आणि त्यांना पुन्हा जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. उरलेल्या पुड्या, दिवसाला किती आणि कधीपासून याचा हिशेब, हे सगळं घेऊन एक-दोन दिवसांत एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. ते सकाळी आठ-नऊच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासतील, मोजक्या मात्रेत प्रेडनिसोलोन देऊन ते टप्प्याटप्प्याने उतरवतील. पुडी बंद केल्यावर उलट्या, चक्कर, उभं राहवेना इतका अशक्तपणा किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर वाट पाहू नका. कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा: 'स्टिरॉइड असावं अशी पूड घेत होते, आता बंद केली आहे.' एवढं कळलं की हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत दिलं जातं. ऑपरेशन किंवा दात काढायची वेळ आली तरी ही माहिती द्यायचीच.

'सीझनला एकच इंजेक्शन' हा याच प्रकारातला दुसरा सापळा. कमरेत दिलं जाणारं ४० मिलीग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन हेही स्टिरॉइडच, आणि ते काही आठवडे अंगात राहतं. आराम खरा मिळतो, पण एकदा टोचलं की परत काढता येत नाही. टोचलेल्या जागी खड्डा पडतो, कातडी पांढरी होते, बायकांची पाळी बिघडते. अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी हा मार्ग धरू नये असंच तज्ज्ञांचं सांगणं आहे.

तपासण्यांच्या नावानेही पैसे जातात. केसांचा नमुना, हातात दांडी धरायला देणारं मशीन, दोनशे पदार्थांचा 'आयजीजी' (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) रिपोर्ट, यांतल्या कशानेही परागकणांची अ‍ॅलर्जी कळत नाही. आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. खरी तपासणी हातावर थेंब ठेवून हलकं टोचण्याची. तीत हिस्टामिन (याने गांध उठायलाच हवी) आणि सलाइन (याने उठता कामा नये) असे दोन तुलनेचे थेंब असायलाच हवेत, आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध पट्टीने मोजली जाते. हे दोन थेंब नसतील तर रिपोर्टला अर्थ नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. कुणी विचारलंच नाही, तर तिथून उठा.

मग खरा आराम कशाने? फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या नाकातल्या स्प्रेने. तेही स्टिरॉइडच, हे ऐकून लोक दचकतात आणि जाऊन पुडी घेतात, हे पाहून फार वाईट वाटतं. एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम. मोठ्यांसाठी सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत रोज दोन, म्हणजे एकूण २०० मायक्रोग्रॅम, आणि त्यातलं दोन टक्क्यांहूनही कमी रक्तात पोचतं. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तीन दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून सोडू नका. आधी नाक शिंकरा, बाटली हलवा, मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा आणि अलगद श्वास घ्या. जोरात ओढलं तर औषध घशात जातं. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं.

जोडीला अ‍ॅलर्जीची गोळी, सेट्रिझिन १० मिलीग्रॅम, रात्री. झोप येत असेल तर डॉक्टरांना विचारून फेक्सोफेनाडिन १२० मिलीग्रॅम, फळांच्या रसाबरोबर नको. जलनेती करत असाल तर उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही नको. नाक चटकन उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपलीकडे गेले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. मुळावर जायचंच असेल तर इम्युनोथेरपी आहे, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावणं, पण ती तीन ते पाच वर्षांची. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात आणि तीव्र रिअ‍ॅक्शन आलीच तर द्यायला अ‍ॅड्रिनलिन हाताशी असतं. तीन महिन्यांत 'लस' पूर्ण करून देणाऱ्याकडे जाऊ नका.

आयुर्वेदाचं औषध घ्यायचं असेल तर लेबल वाचा. घटकद्रव्यांची नावं आणि प्रमाण, परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द तिथे असायलाच हवेत. प्रामाणिक वैद्य स्वतः पुडी बांधून देत असले तरी विचारल्यावर घटक लिहून देतात.

पूड जाळून किंवा पाण्यात टाकून स्टिरॉइड ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. म्हणून संशय आला तर निदान दहा पुड्या मूळ वेष्टनासकट कोरड्या डब्यात ठेवा. कुरिअरची चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा, कारण विकणारे नंबर बदलतात आणि पाठवलेले मेसेज पुसून टाकतात. लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत 'फरक पडला नाही' असं लिहू नका. 'दोन दिवसांत फरक पडला, बंद करताच त्रास दुप्पट झाला, वजन इतकं वाढलं, साखर इतकी झाली' असं तारखांसह लिहा. औषध निरीक्षकाला नमुना कशासाठी तपासायचा हे त्यावरूनच कळतं.