मी माळकरी, तरी या चिकनच्या दुकानाला पाच तारे

आधी कबुली देतो. याच दुकानाला फेब्रुवारीत मी रागाच्या भरात एक तारा दिला होता. तो काढून आज हे लिहितोय. शिवाय मी माळकरी माणूस. इथला घासभर मालही मी कधी तोंडात घातलेला नाही, त्यामुळे रस्सा कसा होतो, मसाला लावून देतात का, हे मला विचारू नका.

मी सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात लॅब सांभाळतो. फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्हाला कोंबडीचं आतडं लागतं. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ३७ अंशाच्या टायरोडमध्ये (म्हणजे मिठं, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी) दोऱ्याने टांगायचा, खालून फिश टँकच्या पंपाने हवा सोडायची आणि वरचा दोरा लिव्हरला (टेकूवर वरखाली होणाऱ्या दांडीला) बांधायचा. हा शब्द दुकानात उच्चारू नका, कलेजी तोलून देतात. मग थोडंसं असिटिलकोलिन (नसा स्नायूला निरोप द्यायला वापरतात ते रसायन) घातलं की आतडं आखडतं आणि लिव्हरचं टोक फिरत्या ड्रमवरच्या काजळी कागदावर रेघ वर चढवतं. धुतलं की रेघ खाली. एवढ्यावर मुलांचे मार्क.

दुकान नदीकडच्या बाजूला आहे, पुराचं पाणी जिथे आधी शिरतं तिथे. २०१९च्या पुरात पाटी वाहून गेली, ती परत लावलीच नाही. सगळे ‘चाचांचं दुकान’ म्हणतात. चाचा मला माउली म्हणतात, गळ्यातल्या माळेमुळे. पहिल्या दिवशी मी बिचकत उभा होतो, तर म्हणाले, “माउली, वाट चुकला का?”

आता कामाचं. बाकीच्या दुकानांत ‘आतडं द्या’ म्हटलं की बादलीतलं काहीतरी पिशवीत येतं. एकदा दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलं, ते फ्रीजमधलं निघालं. टांगलं, औषध घातलं, दोरीवरच्या ओल्या मोज्यासारखं लोंबत राहिलं. चाचांना मी एकदाच दाखवलं होतं, की कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात, मला त्या दोन्हींच्या मधला भाग हवा. तेव्हापासून आदल्या रात्री फोन केला की एका पक्ष्याचा दाणा बंद करतात, म्हणजे आतडं रिकामं मिळतं. सकाळी सातला माझ्यासमोर कापतात आणि ‘दोन शेपट्यांच्या मधलं’ असं स्वतःच म्हणत, बोटांनी न चिवडता, माझ्या थर्मासातल्या गार टायरोडमध्ये सोडतात. गरम पाणी नाही, हळद नाही. पैसे अख्ख्या कोंबडीचे घेतात, मांस आमच्या शिपायाच्या घरी जातं. बिलावर काय लिहायचं यावरून आमच्या अकाउंट्स सेक्शनशी दर वर्षी वाद होतो, त्यात चाचांचा दोष नाही.

तर फेब्रुवारीत काय झालं. तिसऱ्या वर्षाची बॅच, वीस मुलं, बाहेरचे परीक्षक. पहिल्या डोसला रेघ जेमतेम बोटभर चढली. दुसऱ्याला नखभर. तिसऱ्याला काहीच नाही. परीक्षक माझ्याकडे बघताहेत, मी आतड्याकडे. बाहेर व्हरांड्यात जाऊन चाचांना फोन लावला आणि नको ते बोललो. शिळं दिलंत म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “माउली, तुमच्यासमोर कापलंय. एकदा तुमचं पाणी बघा.” मी फोन आपटला आणि तिथल्या तिथे मोबाइलवर तो एक तारा ठोकला.

मग आत आलो तर वजनकाट्याजवळ कागदाची पुडी तशीच. कॅल्शियम क्लोराइड, लिटरला ०.२ ग्रॅम. हे इतर मिठांबरोबर एकदम टाकत नाहीत. सोड्याशी गाठ पडली की पाणी दुधाळ होतं, म्हणून वेगळं विरघळवून सगळ्यांत शेवटी ओततात. शेवटी ओतायचं म्हणून बाजूला ठेवलं आणि तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं. विसरलो. एकोणीस वर्षांची नोकरी आणि ही चूक!

पुडी विरघळवून टायरोडमध्ये घातली, आतडं त्यात दोन-तीनदा धुतलं, काही मिनिटं थांबलो आणि डोस दिला. रेघ अशी चढली की टोक कागदाबाहेर जातंय की काय वाटलं. तोच तुकडा, तेच औषध.

असिटिलकोलिन पेशीबाहेरून बेल वाजवतं, ओढायचं काम कॅल्शियमच करवून घेतं. एरवी पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी कमी असतं. बेल वाजली की पेशीतल्या कोठारातून थोडं सुटतं आणि पेशीच्या भिंतीतल्या दारांतून बाहेरचं आत येतं. माझ्या पाण्यात ते नव्हतंच. पहिल्या डोसला कोठारातल्या शिलकीवर भागलं, दुसऱ्याला तळ खरवडला, भरायला बाहेर काही नाही म्हणून तिसऱ्याला शून्य. आतडं शिळं असतं तर पहिल्या डोसलाही एवढं हललं नसतं. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांची गंमत याच्या उलटी. बेडकाचं हृदय नुसत्या मिठाच्या पाण्यात छान चालतंय असं त्यांना वाटलं, नंतर कळलं की ते पाणी डिस्टिल्ड नव्हतं, नळाचं होतं आणि त्यात कॅल्शियम होतं. १८८३ साली त्यांनी ही चूक स्वतः छापून कबूल केली. मीही त्या दिवशी आमच्या बोअरचं पाणी वापरलं असतं (किटलीत पांढरा थर धरतो असं पाणी), तर चूक बहुधा झाकली गेली असती आणि चाचांना उगाच बोलणी बसली नसती.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. चाचा हसले, म्हणाले, “माउली, मेलेल्या कोंबडीचं हलतं तरी कसं ते दाखवा, मग माफ.” पुढच्या प्रॅक्टिकलला अकराच्या सुमारास हात-पाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून आले. सातला स्वतः कापलेलं आतडं अकराला आखडताना बघितलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग विचारलं, “वर गेलं ते कळलं. खाली कसं येतं?”

वीस पोरांत हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. मी ड्रम थांबवला. सांगितलं, की तंगडीच्या मांसात कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि ओढ सुरू होते. आतड्याच्या मृदू स्नायूत ट्रोपोनिन नाही. इथे चार कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतात, ती जोडी एका एन्झाइमला जागं करते आणि ते मायोसिनवर (ओढणाऱ्या प्रथिनावर) फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की मायोसिन ओढतं. पाणी बदललं की बेल थांबते, पंप कॅल्शियम उपसून काही बाहेर, काही कोठारात टाकतात. पण आधी मारलेले शिक्के तसेच असतात! ते पुसायला दुसरं एन्झाइम आहे. ते जसजसं पुसत जातं तसतशी रेघ उतरते, म्हणून चढण चटकन आणि उतरण सावकाश. कधी पकडीत असतानाच शिक्का पुसला जातो, तेव्हा स्नायू फारशी शक्ती न खर्चता धरून राहतो.

चाचा म्हणाले, “बकरा हुकाला लावल्यागत. चढवताना जोर, मग हूकच धरतो.” हे मी आता मुलांना सांगतो.

त्यांना बीपीची अम्लोडिपिन चालू आहे. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतली हीच दारं अडवते, कॅल्शियम कमी आत येतं, भिंत सैलावते. म्हणाले, “म्हणजे तुम्ही विसरलात तेच डॉक्टर मुद्दाम करतात.” अगदी तसंच नाही, थोडंफार तसं, असं म्हणून मी विषय आवरला.

तक्रारी दोन. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, आणि गटारीच्या आठवड्यात चाचा ब्रह्मदेवालाही ओळख देत नाहीत. त्या दिवसांत प्रॅक्टिकल ठेवू नका. शुक्रवारी दुपारी नमाजाला तासभर बंद.

थर्मास स्वतःचा न्या. आणि काउंटरवर ‘लॅबचं’ म्हणा. नुसतं ‘आतडं’ म्हणालात, तर कुत्र्यासाठी बाजूला काढलेलं बांधून देतील.