पैसे बहुतेक वेळेवर, हिशेब मात्र कच्चा

गोदामात वरच्या फळीवरचा खोका उतरवताना माझ्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला. त्यानंतर सुमारे सव्वादोन वर्षांच्या काळात मालकाच्या विमा कंपनीने मला कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता दिला. त्या सेवेला मी पाचपैकी तीन तारे देतो. कापलेले दोन तारे चेक उशिरा आल्याबद्दल नाहीत, आठवडे चुकीचे मोजल्याबद्दल आहेत.

चांगली बाजू आधी सांगतो. क्लेमचा फॉर्म भरून दिल्यावर पहिला चेक दोन आठवड्यांच्या आत आला. सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांश, म्हणजे माझ्या 900 डॉलरवर आठवड्याला 600 डॉलर, असा दर धरला होता आणि तो बरोबर होता. पहिल्या तीन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत, परंतु 14 दिवसांहून अधिक काळ काम बंद राहिल्यामुळे तेही मिळाले. एकदा चेक नऊ दिवस उशिरा आला. अशा वेळी कंपनीने न मागता 10 टक्के जादा द्यावेत असा नियम आहे, पण दोन आठवड्यांच्या त्या चेकवरचे माझे 120 डॉलर पत्र पाठवल्यावरच आले.

खरी अडचण मुदतीची आहे. 1 जानेवारी 2008 किंवा त्यानंतर झालेल्या दुखापतीसाठी हा भत्ता जास्तीत जास्त 104 आठवडे मिळतो, आणि ते आठवडे दुखापतीच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत केव्हाही वापरता येतात. अंगच्छेद, गंभीर भाजणे, फुप्फुसांचा जुनाट विकार अशा मोजक्या बाबतींत ही मर्यादा 240 आठवड्यांची आहे. फाटलेला खांदा त्यात बसत नाही. म्हणजे मोजायचे ते पैसे दिलेले आठवडे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर उलटून गेलेले नव्हेत. मधल्या काळात डॉक्टरांनी हलक्या कामाची परवानगी दिली आणि मी 11 आठवडे पूर्ण पगारावर कामावर गेलो, तेव्हा तो भत्ता थांबला आणि ते 11 आठवडे शिल्लक राहिले. निदान राहायला हवे होते.

शस्त्रक्रियेनंतर भत्ता पुन्हा सुरू झाला आणि काही महिन्यांनी कंपनीची नोटीस आली, की 104 आठवडे पूर्ण झाल्यामुळे भत्ता बंद करण्यात येत आहे. माझ्या वहीत, जिथे प्रत्येक चेकच्या पावतीवरील ‘पासून–पर्यंत’च्या तारखा मी उतरवून ठेवत असे, 93 आठवड्यांच्याच खुणा होत्या. कंपनीने पहिल्या चेकपासून सरळ दोन वर्षे मोजली होती. ही पद्धत 19 एप्रिल 2004 ते 2007 अखेरपर्यंतच्या दुखापतींची आहे. माझी दुखापत तर 2021 सालची. अ‍ॅडजस्टर, म्हणजे माझा क्लेम हाताळणारा कंपनीचा माणूस, तोपर्यंत तिसऱ्यांदा बदलला होता आणि नव्या माणसाला फोनवर हा फरक समजावताना मला माझ्याच क्लेमचा कारकून झाल्यासारखे वाटले. शेवटी राज्याच्या कामगार भरपाई विभागातील माहिती व साहाय्य अधिकाऱ्याकडे वही घेऊन गेलो. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पावत्यांच्या प्रती जोडून पत्र पाठवले आणि उरलेल्या 11 आठवड्यांचे 6,600 डॉलर मिळाले.

या मर्यादेची आणखी एक बोचरी बाजू आहे. शस्त्रक्रियेला कंपनीच्या तपासणी डॉक्टरने आधी नकार दिला, मी 30 दिवसांच्या मुदतीत स्वतंत्र वैद्यकीय पुनर्विलोकन, म्हणजे त्या नकाराची कंपनीबाहेरच्या डॉक्टरकडून फेरतपासणी, मागितले, आणि निकाल येईपर्यंत मी घरी बसून होतो. त्या काळातला प्रत्येक चेक 104 मधूनच वजा होत होता. विलंब दुसऱ्याने करायचा आणि आठवडे माझे खर्च व्हायचे, हा दोष या कंपनीपुरता नाही, रचनेतच आहे, हे न्यायाने सांगायला हवे.

मुदत संपली म्हणजे उपचारही संपले, असा समज माझ्या सहकाऱ्यांत सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. माझी फिजिओथेरपी पुढेही चालू राहिली. कायमच्या अपंगत्वापोटी आगाऊ रक्कम शेवटच्या चेकनंतर बाराव्या दिवशी आली, म्हणजे 14 दिवसांच्या मर्यादेत. तिच्या पावतीवरही तारखा होत्या, रक्कम होती, क्लेम क्रमांक होता. आजवर किती आठवडे दिले, हा रकाना मात्र अजूनही नव्हता.