उजळाईवाडीचा विमानतळ: एका कोल्हापूरकर प्रवाशाचा अभिप्राय

नवी टर्मिनल इमारत सुरू झाल्यापासून कोल्हापूरच्या विमानतळावरून मी चार वेळा प्रवास केला आहे. दोनदा कामासाठी मुंबईला, एकदा हैदराबादला आणि एकदा आईला घेऊन तिरुपतीला गेलो. मार्च २०२४ मध्ये लोकार्पण झालेली ही इमारत पाहताक्षणी आपली वाटते. दर्शनी भागातल्या कमानी आणि दगडी बांधकामाचा बाज पाहिला की भवानी मंडप आणि पन्हाळा आठवतो. कोणत्याही शहरात खपून जाईल अशी काचेची पेटी इथे उभी केली नाही, याबद्दल आराखडा करणाऱ्यांचे मनापासून आभार मानले पाहिजेत. आत गर्दी बेताची असते, स्वच्छतागृहे खरोखर स्वच्छ असतात, आणि दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंतचे अंतर वयस्कर माणसाला न थकता चालता येते. मोठ्या विमानतळांवर हेच अंतर आईला चाकाच्या खुर्चीशिवाय पार करता येत नाही.

या जागेचा इतिहास ठाऊक असेल तर इथल्या सेवेचे मोल अधिक कळते. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली, आणि त्यानंतर पन्नास वर्षे व्हायच्या आत, ५ जानेवारी १९३९ रोजी, छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू केला. देशातल्या मोठमोठ्या शहरांनाही विमानाचे अप्रूप होते, त्या काळात एका संस्थानाने स्वतःच्या हिमतीवर हे धाडस केले. पुढच्याच वर्षी महाराजांचे निधन झाले. विमानतळाला त्यांचे नाव असावे ही जिल्ह्याची जुनी मागणी आहे, आणि माझ्या मते ती भावनेपेक्षा कृतज्ञतेची बाब आहे.

पुढचा इतिहास मात्र सलग नाही, आणि कोल्हापूरकरांच्या मनातली खरी सल तीच आहे. धावपट्टी होती, माळ होता, पण विमान कधी असायचे आणि कधी नसायचे. किंगफिशरची मुंबई सेवा २०११ मध्ये थांबली आणि त्यानंतर २०१८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षे, नियमित प्रवासी विमान आलेच नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री मालकांना, इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्यांना आणि हुपरीच्या चांदी कारागिरांकडे येणाऱ्या ग्राहकांना त्या काळात पुणे किंवा बेळगाव गाठावे लागे, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागे. परदेशी ग्राहकाला कारखाना दाखवायला आणायचे तर त्याचा एक दिवस नुसता रस्त्यात जाई. केंद्राच्या उडान योजनेमुळे २०१८ पासून विमाने पुन्हा उतरू लागली आणि हैदराबाद, बंगळूर व तिरुपतीशी थेट संबंध जुळला.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. रेल्वेही खोळंबली होती. शहराचे बेट झाले असताना बचाव पथके आणि मदत आणण्यासाठी हवाई मार्गाचाच आधार उरला होता. पंचगंगेचा स्वभाव आम्हाला माहीत आहे, तो बदलणार नाही. त्यामुळे या विमानतळाकडे मी उद्योजकांची सोय म्हणून पाहत नाही, जिल्ह्याच्या सुरक्षेची गरज म्हणून पाहतो.

तिरुपतीच्या प्रवासाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तिरुपतीचे दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पूर्ण होत नाही, अशी श्रद्धा असल्यामुळे दक्षिणेतून येणाऱ्या भाविकांची कोल्हापुरात बाराही महिने वर्दळ असते. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला शालू येतो. रेल्वेने हा प्रवास हरिप्रिया एक्स्प्रेसने होतो आणि त्यात एक अख्खी रात्र आणि दिवसाचा मोठा भाग जातो. त्या दिवशी आमच्या पुढे रांगेत नऊवारी नेसलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या कापडी पिशवीत काकवीची बाटली होती. एवढे द्रव हातातल्या सामानात नेता येत नाही, हे तपासणीवरच्या मुलीने त्यांना ‘आजी’ म्हणून दोनदा शांतपणे समजावले, पुन्हा काउंटरवर नेले आणि बाटली मोठ्या सामानात ठेवून दिली. काकवी टाकून द्या, असे कोणी म्हटले नाही. आजी परत येईपर्यंत मागच्या रांगेनेही कुरकुर केली नाही.

आता उणिवा. पावसाळ्यात मुंबईला जाण्याच्या सकाळी, मी घरातून निघाल्यावर, विमान रद्द झाल्याचा संदेश आला. विमान कंपनीचे नाव घेत नाही. पैसे परत मिळाले, पण दुपारची बैठक गेली आणि पर्यायी विमान दुसऱ्या दिवशीचे होते. अडचणीचे मूळ इथेच आहे. मोठ्या शहरात एक विमान चुकले तर तासाभरात दुसरे मिळते, इथे एक फेरी गेली की दिवस जातो. धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटरपर्यंत वाढली असली तरी अजून इथे प्रामुख्याने एटीआरसारखी लहान विमानेच येतात. ती आणखी लांबली तर मोठी विमाने येतील, आसने वाढतील आणि दरही थोडे आवाक्यात येतील. त्यासाठी लागणारी जमीन गडमुडशिंगी, तामगाव या गावांच्या शिवारातली आहे. ज्यांच्या शेताच्या बांधावरून हे विमान उडते त्यांना योग्य मोबदला आणि बंद होणाऱ्या वाटांना पर्याय आधी मिळाला पाहिजे, मग विस्तार.

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हा विमानतळ निःशंक निवडावा. ज्यांना मुंबईत ठरलेल्या वेळी पोहोचायचेच आहे त्यांनी, निदान जून ते सप्टेंबर या काळात, आदल्या दिवशीचे विमान घ्यावे. आणि काकवी, लोणचे, चटणीच्या बाटल्या मोठ्या सामानातच भराव्यात.