बर्ग्यांचा बंधारा की पक्का? गावच्या पिण्याच्या पाण्याचा हिशोब

आमच्या बंधाऱ्याचे निम्मे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, शाळेच्या मागच्या गवतात गंजत पडलेत. उरलेल्यातले काही भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेले. कोणी नेले ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कागदावर मात्र कुणीच नाही. गावासाठी नदी अडवायची ठरवत असाल तर अंदाजपत्रक उघडण्याआधी हे गवत डोळ्यांपुढे आणा.

आमचं गाव येरळेच्या काठचं. येरळा खटावात उगम पावते, खानापूर-तासगाव भागातून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पावसाळ्यात अंगावर येते आणि दिवाळीनंतर वाळू दाखवते. अशा नदीवर दोनच पर्याय पुढे येतात. एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा: खांब, खांबांमध्ये गाळे, गाळ्यांच्या खाचांत लोखंडी बर्गे. दुसरा बिनदाराचा पक्का बंधारा: काँक्रीटची बुटकी भिंत, जादा पाणी वरून सांडतं.

बर्ग्यांच्या बंधाऱ्याची खुबी निर्विवाद आहे. पावसाळ्यात गाळे मोकळे असतात, त्यामुळे पुराबरोबर गाळ निघून जातो. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पात्र काठोकाठ भरतं. शिवाय वरून पूल मिळतो. पुलाच्या हौसेपोटी बंधारा मंजूर करून घेतलेली गावं मी पाहिली आहेत.

पण सगळा खेळ तारखेचा आहे. एका वर्षी आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात बर्गे घालून मोकळे झालो. पुढच्याच आठवड्यात परतीच्या पावसाने वरच्या अंगाला रात्रभर झोडपलं. पहाटे पोरं पहारी घेऊन बर्गे काढायला गेली, पण पाण्याचा दाब बसलेला बर्गा हलतो होय? नदीने बंधाऱ्याला धक्का लावला नाही. शेजारचा काठ कापला आणि बाजूने वाट काढली. बंधारा मधे कोरडा उभा आणि नदी उसातून! दुसऱ्या वर्षी धसका घेऊन नोव्हेंबर संपताना बर्गे घातले, तोवर धार करंगळीएवढी झालेली. बंधारा निम्मासुद्धा भरला नाही. त्यात बर्ग्यांखालची फट बंद करणारं रबर फाटलेलं, म्हणून फटीत गोणपाट आणि माती कोंबली. होळीपर्यंत जेमतेम डबकं राहिलं.

कृष्णा-वारणाकाठी हे दुखणं एवढं जाणवत नाही. तिथे वरच्या धरणांतून पाणी सुटतं, त्यामुळे बंधारा एकदा रिकामा झाला तरी पुढच्या आवर्तनात भरतो. तिथे बर्ग्यांचाच बंधारा घ्या, दुसरा विचारही करू नका. फक्त उन्हाळ्यात साचलेलं पाणी हिरवं पडतं, जलपर्णी माजते, वरून साखर कारखान्याची मळी आली तर मासे उलटे तरंगतात. म्हणजे जॅकवेलबरोबर (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीबरोबर) तुरटी-गाळणीचं शुद्धीकरण केंद्रही आलंच. त्याचं वीजबिल आणि माणूस धरूनच पाणीपट्टी ठरवा.

पक्क्या बंधाऱ्याची बदनामी एकच, तो गाळाने भरतो. खरं आहे. पण माती भरते की वाळू, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चिखल भरला तर बंधारा गेला. वाळू भरली तर तिच्या पोकळीत पाणी राहतं, उन्हाने उडत नाही, गुरं त्यात शिरत नाहीत. उघड्या पाण्याची पातळी उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दोन-अडीच फूट नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. वाळूत विहीर घेतली की पाणी गाळूनच येतं. टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) मात्रा नीट सांभाळली की बहुतेक काम होतं. वाळूचा उपसा मात्र रोखावा लागतो, आणि ते बर्गे राखण्याइतकंच अवघड आहे.

आता आकडे. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. ३,००० वस्तीच्या गावाला रोज १ लाख ६५ हजार लिटर लागतं. फेब्रुवारी ते मे धरले तर सुमारे २ कोटी लिटर, म्हणजे २० हजार घनमीटर. हे फार नाही, छोट्या बंधाऱ्यात मावतं. पण काठावरची पाच एचपीची मोटर २५-३० मीटर उंचीवर पाणी चढवत असली, तर सेकंदाला सहा-सात लिटर ओढते. आठ तास चालली की एकटी मोटर अख्ख्या गावाचं दिवसाचं पाणी उचलते. काठावर अशा वीस असतील तर भिंत कोणत्या जातीची आहे याने काय फरक पडणार? पक्का बंधारा इथेही थोडा सरस ठरतो: वाळूतलं पाणी मोटरींना एकदम ओढता येत नाही, सावकाश पाझरतं.

याच येरळेवर बलवडीला ऐंशीच्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभं केलं, पात्रातली वाळू विकून त्यासाठी पैसा जमवला. मला त्यातली वाळू दुय्यम वाटते. पाण्याचं समान वाटप आणि भूमिहीनांनाही हिस्सा हे त्यांनी ठरवलं होतं. आमच्या सभेत हा विषय काढला की दोन-चार बागायतदार तंबाखू मळायला लागतात.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येणारच, मग बंधारा कशाला, असंही कोणी म्हणेल. आलं तर उत्तमच. पण ती योजना शेतीची आहे, पंप चालतील तेव्हाच पाणी, आणि तेही अडवायला भिंत लागतेच.

तेव्हा येरळा, अग्रणी, माण अशा कोरड्या पडणाऱ्या नद्यांवर, निव्वळ पिण्यासाठी, माझं मत बुटक्या पक्क्या बंधाऱ्याला आणि वरच्या अंगाच्या वाळूतल्या विहिरीला. दोन्ही काठांचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, अंदाजपत्रकात कापू देऊ नका. बचतीची कात्री पहिली तिथेच चालते. आणि बर्ग्यांचाच घ्यायचा ठरला, तर कुलपाची खोली आणि बर्गे घालणाऱ्या माणसाची वर्षाची मजुरी त्याच ठरावात लिहून घ्या. आमच्या ठरावात खोली होती. आता तिथे गणपती मंडळाचा मांडव ठेवतात.