वर्षाचा मागोवा कशातून घ्यावा: फोटो, रोजनिशी, तक्ता की मित्रांशी गप्पा?

प्रवास, छंद आणि मैत्री या तिन्ही गोष्टी आपण वर्षभर सारख्याच जिव्हाळ्याने जगतो, पण वर्ष सरल्यावर त्या सारख्या आठवत नाहीत. प्रवास ठळक राहतो, कारण तिथे रस्ता, माणसं, झोपायची जागा सगळंच नवं असतं. छंद पुसट होतो. आणि मैत्रीचं तर असं होतं की अमक्याशी आपण खूपदा भेटलो एवढंच आठवतं, पण त्यातली एक भेट दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. मॅरिगोल्ड लिंटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात सहा वर्षं रोज किमान दोन घटना टिपून ठेवल्या आणि स्वतःच्याच स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. पुन्हापुन्हा घडणारे प्रसंग एकमेकांत मिसळून त्यांचा एकच सर्वसाधारण प्रसंग होतो, हे त्यांच्या हाती लागलेलं महत्त्वाचं निरीक्षण.

म्हणून मागोवा घेण्याची पद्धत निवडताना ‘सगळ्यात चांगली कोणती’ असं विचारण्यापेक्षा, आपल्या वर्षातलं नेमकं काय निसटून जाणार आहे आणि ते कोणती पद्धत धरून ठेवते, हे पाहावं. सोयीच्या म्हणून चार पद्धती समोर ठेवते.

फोटो

फोटोंची मोठी जमेची बाजू म्हणजे ते आधीच काढलेले असतात. फाइलमध्ये तारीख आणि वेळ असते, परवानगी दिली असेल तर जागाही असते. त्यामुळे प्रवासाचा क्रम लावायला फोटोंइतकं विश्वासू दुसरं काही नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ही माहिती उरत नाही आणि चित्राचा दर्जाही घसरतो. सोबत्यांकडून फोटो घ्यायचे तर मूळ फाइलच मागून घ्या.

पण फोटो काढला म्हणजे तो क्षण लक्षात राहिला, असं नाही. लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी आवर्जून सांगावासा वाटतो. संग्रहालयातून फिरणाऱ्यांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला तेव्हा ही घट झाली नाही. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांना आढळलं की फोटो काढायचे की नाहीत आणि कशाचे, हे लोकांच्या मर्जीवर सोडलं तर पाहिलेलं त्यांना अधिक चांगलं आठवतं, पण ऐकलेलं कमी आठवतं.

मला या दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. फोटो दिसणारं जपतात, बोलणं जपत नाहीत. कड्यावर उभ्या असलेल्या चौघांचा फोटो वर्षानंतर सापडतो, पण तिथे पोहोचेपर्यंतच्या वाटेवर काय बोलणं झालं, कोण मधेच गप्प झालं, कोणी कोणाची पिशवी उचलली, हे त्यात नसतं. प्रवासासाठी फोटो उत्तम, छंदासाठी बरे, मैत्रीसाठी तोकडे. जवळच्या मित्राबरोबर निवांत बसलेलो असताना कॅमेरा काढायचं सुचतच नाही, आणि तसंच असावं. पण मग वर्षातले सर्वांत मोलाचे तास अल्बममध्ये येतच नाहीत.

रोजनिशी

माझा कौल हिच्या बाजूने आहे, आणि तोही रोज न लिहिता आठवड्यातून एकदा लिहिलेल्या रोजनिशीच्या बाजूने. रोजचा नेम सुटला की अनेकांची वहीच सुटते. शिवाय मन भरून आलं असेल तेव्हाच लिहिलं तर वर्षाचं चित्र टोकाटोकाचं होतं. भांडणं आणि सोहळे उरतात, मधले साधे दिवस गळतात. ठरावीक वारी, आठवडा कसाही गेला असला तरी, पाचसात ओळी लिहिल्या तर साधे दिवसही आत येतात.

साध्या दिवसांचं एवढं काय, असं वाटेल. टिंग झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना अलीकडचं एखादं संभाषण, भेट, ऐकत असलेली गाणी अशा साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या. काही महिन्यांनी हे वाचायला आपल्याला किती उत्सुकता वाटेल, याचा अंदाजही घेतला. प्रत्यक्षात वाचताना उत्सुकता अंदाजापेक्षा जास्त निघाली. आज क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदीची किंमत आज कळत नाही, म्हणून तर ती करायची राहून जाते.

काय लिहावं याचं उत्तर विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडतं. त्यांनी सहा वर्षं आपल्या आयुष्यातल्या २४०० वर घटना काय, कोण, कुठे, केव्हा अशा चार भागांत टिपल्या आणि १९८६ साली निष्कर्ष छापले. आठवण जागी करायला ‘काय’ सर्वांत उपयोगी ठरलं, ‘कुठे’ आणि ‘कोण’ही कामी आले, आणि नुसती तारीख जवळजवळ निरुपयोगी ठरली. आपण बहुतेकजण नेमकं उलटं करतो: वर ठसठशीत तारीख घालतो आणि खाली ‘छान दिवस गेला’ असं लिहितो. त्याऐवजी ‘घाटात गाडी बंद पडली, आम्ही दोघी पुलावर बसून तिच्या नव्या नोकरीबद्दल बोललो’ एवढी एक ओळ पुरते. तिच्यात काय, कोण, कुठे सगळं आलं.

वही की फोन? मैत्री हा तुमच्या वर्षाचा गाभा असेल तर फोन. नाव टाकून शोधलं की त्या माणसाबरोबरचं सगळं वर्ष एकाखाली एक उभं राहतं, आणि हे वहीत करायचं तर नावं अधोरेखित करत बसावं लागतं. लिहिताना मन लागणं ज्यांना जास्त महत्त्वाचं, त्यांनी खुशाल वही घ्यावी.

तक्ता

छंदाला तक्ता हवाच. धावलेलं अंतर, वाचलेली पुस्तकं, रियाजाचे तास, विणून पूर्ण झालेली कामं. छंदातली प्रगती इतकी सावकाश होते की आतून ती जाणवत नाही. पण तक्ता किती केलं ते सांगतो, कसं केलं ते सांगत नाही. म्हणून दर महिन्याला एक नमुना ठेवा: त्याच चिजेचं ध्वनिमुद्रण, त्याच झाडाचं रेखाटन. जानेवारीचं आणि डिसेंबरचं लागोपाठ ऐकलं की आकड्यांची गरज राहत नाही.

मैत्रीचा मात्र तक्ता करू नका. जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. हे वाचून भेटींचे तास मोजायचा मोह होतो खरा. त्या आकड्यातून एवढंच घ्यावं की मैत्रीला वेळ द्यावा लागतो. कोण किती वेळा आलं याचा हिशोब सुरू झाला की मैत्रीला तिथूनच तडा जातो.

मित्रांशी गप्पा

ही पद्धत सर्वांत आनंदाची आणि सर्वांत बेभरवशाची. बेभरवशाची का, तर मिळून आठवायला बसलेल्या गटाला, तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने आठवलेलं एकत्र केलं तर जेवढं होईल त्यापेक्षा कमी आठवतं, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. एकाचं बोलणं दुसऱ्याचा धागा तोडतं. शिवाय ज्याचा आवाज मोठा त्याची आवृत्ती सगळ्यांची होऊन बसते. यावर उपाय सोपा आहे: आधी पंधरा मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून आपापल्या कागदावर लिहायचं, मग वाचून दाखवायचं.

आणि तरी ही पद्धत सोडू नये. वागेनार यांना स्वतःच्या काही घटना काय, कोण, कुठे, केव्हा या चारही खुणा वाचूनसुद्धा आठवेनात, पूर्ण पुसल्यासारख्या वाटल्या. तेव्हा त्यातल्या काही प्रसंगी हजर असलेल्यांना त्यांनी विचारलं. त्या लोकांनी आणखी तपशील सांगितल्यावर वागेनार यांना त्या घटना आठवल्या. आपलं विसरलेलं वर्ष पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी मनात शाबूत असतं.

मग निवड कशी करावी?

एकच गोष्ट जमणार असेल तर आठवड्याची रोजनिशी. तिच्यात तिन्ही गोष्टी मावतात आणि जे सर्वांत आधी निसटतं ते ती धरते. वर्षाचा मोठा भाग प्रवासात गेला असेल तर फोटो पुरतील, पण प्रत्येक मुक्कामाचे मोजकेच ठेवा आणि त्याखाली कोणाचं तरी एक वाक्य लिहा. प्रवासाच्या बाबतीत आणखी एक सांगते. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्याचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांवरून आपण तो चांगला की वाईट हे ठरवतो. परतीच्या दिवशी सामान हरवलं म्हणून आख्खी सहल वाईट वाटत असेल, तर निर्णय देण्याआधी मधल्या दिवसांचे फोटो नीट पाहा. मनापेक्षा फोटो इथे जास्त न्यायाने वागतात. नवं वाद्य किंवा नवा खेळ शिकण्यात वर्ष गेलं असेल तर तक्ता आणि मासिक नमुना घ्या, बाकी सोडलं तरी चालेल.

वर्ष आधीच संपलं आणि हाताशी काही नोंद नाही, अशी स्थिती असेल तर तिकिटं, बँकेचे संदेश, कॅलेंडर आणि जुनी चॅट यांतून आधी सांगाडा उभा करा. त्यात मांस भरायला मित्रांना फोन लावा. तेव्हा ‘मार्चमध्ये आपण काय केलं होतं?’ असं विचारू नका, तारखेने कोणालाच काही आठवत नाही. ‘पाऊस आला आणि आपण त्या देवळाच्या ओसरीवर अडकलो, तेव्हा तू मला काय सांगत होतास?’ असं विचारा. आणि जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासकट उतरवून ठेवा.